माशांना औषधी बाथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासा आजारी पडल्याचे फोन मला बहुतेक रात्री नऊनंतर येतात. दिवसभर कामावर असलेला माणूस घरी येतो, खाणं टाकायला टाकीजवळ जातो आणि बघतो तर गोल्डफिश पंख मिटून तळाशी बसलेला. दुकानं बंद झालेली असतात. स्वयंपाकघरात मीठ असतं, औषधांच्या डब्यात पोटॅशियम परमँगनेटची जुनी पुडी सापडते, आणि मग विचारणा होते, 'काय टाकू आणि किती टाकू?' खालचे प्रश्न अशाच फोनांमधून जमले आहेत. सगळं गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांबद्दल आहे. समुद्री माशांचा एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

बाथ म्हणजे नेमकं काय? औषध थेट टाकीत टाकलं तर चालत नाही का?

माशाला टाकीतून काढायचं, वेगळ्या भांड्यात मोजून औषध घातलेल्या पाण्यात ठेवायचं आणि ठरलेल्या वेळेला बाहेर काढायचं, हा बाथ. अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतच्या कडक बाथला 'डिप' म्हणतात. सौम्य बाथ अर्धा तास, कधी तासभर चालतो.

टाकीत टाकलेलं औषध माशाबरोबर झाडांना, गोगलगायींना, कोळंबीला आणि फिल्टरमधल्या जीवाणूंनाही लागतं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पचवण्याचं काम हे जीवाणू करतात. ते मेले की दोन-तीन दिवसांत पाण्यात अमोनिया चढतो, मासा त्याने जातो आणि आपण म्हणतो, 'औषध लागू पडलं नाही.' बाथमध्ये हा धोका टळतो, शिवाय औषध थोडं लागतं. त्याची मर्यादाही लक्षात ठेवा. बाथ फक्त माशाच्या अंगावर, पंखांवर आणि कल्ल्यांवर पोचतो. टाकीत राहिलेल्या रोगाला तो काहीच करत नाही.

मासा सुस्त दिसतोय. लगेच मिठाचा बाथ देऊ का?

आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट घरात नसेल तर निदान एवढं आठवून बघा: पाणी शेवटचं कधी बदललं? फिल्टर नळाच्या पाण्याखाली धुतला होता का? गेल्या आठवड्यात नवे मासे टाकले का? सगळेच मासे एकदम पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर दोष जवळजवळ नेहमी पाण्याचा असतो. तिथे क्लोरीन काढलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदलणं हाच पहिला उपचार. खराब पाण्याने आधीच बेजार झालेल्या माशाला पकडून कडक मिठात घालणं म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला जिने चढायला लावण्यासारखं आहे.

बाथ कधी द्यायचा? एखाद-दुसराच मासा अंग घासतोय, अंगावर करड्या साईसारखा थर आलाय, पंख मिटलेत, कापसासारखी बुरशी दिसतेय किंवा एकच कल्ला हलतोय, तेव्हा.

मिठाचं प्रमाण किती?

तीन वेगवेगळी प्रमाणं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

कडक डिपला दर लिटरला ३० ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला ३०० ग्रॅम मीठ. वेळ अर्धं मिनिट ते जास्तीत जास्त १० मिनिटं. मध्यम बाथला दर लिटरला १० ग्रॅम, २० ते ३० मिनिटं. वेगळ्या टाकीत कित्येक दिवस ठेवायचं असेल तर दर लिटरला १ ते ३ ग्रॅम.

मीठ काम कसं करतं ते समजलं तर हे आकडे लक्षात राहतात. माशाच्या रक्तात साधारण पाऊण ते एक टक्का क्षार असतात. बाहेरचं पाणी त्याहून खारट झालं की अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं. एकपेशीय परजीवी इवलासा असतो, तो काही मिनिटांत सुकतो. माशाचं शरीर मोठं, वर कातडी आणि चिकट स्रावाचं आवरण, म्हणून तो तेवढा वेळ तग धरतो. त्याचंही पाणी जातच असतं, फक्त हळू. आपल्याला मिळतो तो या दोन वेगांमधला फरक, आणि म्हणून डिप चालू असताना भांड्याजवळून उठायचं नाही.

माझ्या एका ओरँडा जातीच्या गोल्डफिशला पहिल्यांदा ३ टक्क्यांचा, म्हणजे लिटरला ३० ग्रॅमचा, डिप दिला तो अजून डोळ्यांसमोर आहे. पहिलं मिनिट तो गरगर फिरला. मग अंगावरची करडी साय धाग्याधाग्यांनी सुटून पाण्यात लोंबायला लागली, शेपटीमागे तर चांगली बोटभर लांब. तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी तो एका कुशीवर कलला, सावरला, पुन्हा कलला. दुसऱ्यांदा कलल्यावर मी त्याला काढलं. पुस्तकातली १० मिनिटं त्याच्यासाठी नव्हतीच. संध्याकाळी त्याचे पंख उघडले होते.

मीठ आधी मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्या. न विरघळलेला खडा कल्ल्याला किंवा कातडीला चिकटला तर भाजल्यासारखी जखम होते. चमच्याने मोजू नका: खडे मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा वजनात सारखे भरत नाहीत. स्वयंपाकघरातला वजनकाटा मिठासाठी पुरतो.

मीठ कोणतं घ्यायचं?

साधं खडे मीठ, जाडं मीठ. आयोडीनची भीती लोकांना उगाचच वाटते, तेवढ्या आयोडीनने माशाला काही होत नाही. पाकिटावर मीठ मोकळं राहण्यासाठी घातलेल्या पदार्थांमध्ये फेरोसायनाइड लिहिलेलं असेल तर ते मीठ टाळा. सैंधव आणि काळं मीठ खायला ठेवा. एप्सम मीठ हा तर मॅग्नेशियम सल्फेट नावाचा वेगळाच पदार्थ आहे. बद्धकोष्ठ झालेल्या, पोट फुगलेल्या माशासाठी तो वापरतात. परजीवींवर त्याचा भरवसा धरू नका.

सगळ्या माशांना मीठ चालतं का?

गोल्डफिश, कोई, मॉली, गप्पी, प्लॅटी यांना चांगलं चालतं. कोरिडोरास, लोच आणि खवले नसलेले कॅटफिश यांना कडक डिप देऊच नका. सौम्य प्रमाणही निम्म्याने सुरू करा. टेट्रांसारख्या नाजूक माशांबाबतही हात आखडता ठेवा. टाकीतली झाडं मिठाने सडतात, ते वेगळंच.

बादलीत किती लिटर पाणी आहे ते कसं कळणार?

रिकामी लिटरची बाटली घ्या, मोजून १० बाटल्या ओता आणि बादलीवर आतून खूण करा. एकदाच करायचं काम आहे. काचेच्या टाकीसाठी लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १०००ने भागा. ६० × ३० × ३०ची टाकी हिशेबाने ५४ लिटर भरते, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा जाता खरं पाणी ४५च्या आसपास असतं. औषध ५४चं घातलं तर मात्रा जास्त होते. बाथचं भांडं रिकामं, सपाट तळाचं असावं याचं एक कारण हेच.

बादली नवी किंवा फक्त माशांसाठीच ठेवलेली हवी. कपड्यांच्या साबणाचा अंश राहिलेल्या बादलीत बाथ दिलेले मासे मी मेलेले पाहिले आहेत.

पोटॅशियम परमँगनेट वापरू का? आमच्या गावी विहिरीत टाकायचे.

विहिरीत टाकायचे तेच हे. चांगलं औषध आहे: बाहेरचे परजीवी, बुरशी आणि जखमेवरचे जीवाणू, सगळ्यांवर चालतं. पण चुकीला जागा सर्वांत कमी याच औषधात आहे. अर्ध्या तासाच्या बाथला प्रमाण दर लिटरला १० मिलीग्रॅम, म्हणजे १० लिटरला ग्रॅमचा दहावा भाग. स्वयंपाकघरातला काटा हे दाखवूच शकत नाही, आणि 'चिमूटभर' हे तर मापच नव्हे.

सुरुवातीच्या वर्षांत मी चिमटीने टाकलं होतं. पाणी जांभळं झालं, मला वाटलं असंच असतं. वीस मिनिटांनी दोन्ही मासे उलटे. कल्ल्यांच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. एक त्याच रात्री गेला, दुसरा तिसऱ्या दिवशी. ते मासे रोगाने गेले नाहीत, मी मोजलं नाही म्हणून गेले. तेव्हापासून सोनाराकडे असतो तसला छोटा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा काटा घरात आहे.

मोजायची सोपी पद्धत अशी. १ ग्रॅम परमँगनेट १ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. या द्रावणाच्या प्रत्येक मिलीलिटरमध्ये १ मिलीग्रॅम औषध आलं. आता १० लिटर बाथसाठी मेडिकलच्या दुकानातल्या सिरिंजने १०० मिलीलिटर मोजून घाला. द्रावण दर वेळी ताजं करा.

पाणी जांभळट गुलाबी आहे तोवर औषध जिवंत आहे. तपकिरी, चहासारखं झालं की संपलं. घाणेरड्या पाण्यात ते घाण जाळण्यातच खर्च होतं, म्हणून बाथला स्वच्छ पाणी घ्या. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: क्लोरीन काढायच्या थेंबांमध्ये सोडियम थायोसल्फेट असतं आणि ते परमँगनेटलाही निकामी करतं. या बाथसाठी थेंब न घालता, एअर पंप लावून चोवीस तास ठेवलेलं नळाचं पाणी वापरा. उलट, मात्रा जास्त झाल्याचा संशय आला तर तेच थेंब किंवा ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घालून गुलाबी रंग घालवता येतो. मासा मात्र त्याआधी स्वच्छ पाण्यात गेलेला हवा.

मिथिलीन ब्लू सगळ्यांत सुरक्षित ना?

तुलनेने हो. अंड्यांवरची बुरशी, पंखांच्या कडांचं कुजणं, प्रवासाने दमलेले मासे यांच्यासाठी ते माझं पहिलं औषध आहे. नायट्राइटची विषबाधा झाली की रक्त तपकिरी होतं आणि प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. मिथिलीन ब्लू ते रक्त पुन्हा कामाला लावतं. अशा वेळी सोबत दर लिटरला १ ग्रॅम मीठ घातलं तर मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

प्रमाण दर लिटरला १ ते ३ मिलीग्रॅम. बाटली १ टक्क्याची असेल तर १० लिटरला १ ते ३ मिलीलिटर. अडचण ही की कित्येक स्वस्त बाटल्यांवर टक्केवारीच नसते, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. मोठ्या टाकीत घालू नका: फिल्टरचे जीवाणू मरतात आणि काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉन कायमचं निळं होतं. फरशी, टॉवेल आणि बोटंही.

पांढरे ठिपके पडलेत. रोज मिठाचा डिप दिला तर जातील?

नाही, आणि सर्वांत जास्त मासे याच गैरसमजाने मरतात.

तो ठिपका म्हणजे इक्थिओफ्थिरियस हा परजीवी. तो अंगावर बसलेला दिसतो, पण असतो कातडीच्या वरच्या थराखाली, तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो ठिपका गळतो, वाळूत किंवा काचेला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत फुटत फुटत शेकडो पिल्लं तयार करतो. ती बाहेर पडून नवा मासा शोधतात आणि दोन दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषधाला ती फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत सापडतात. २५ अंशांच्या पाण्यात हा फेरा तीन ते सहा दिवसांत पुरा होतो, थंड पाण्यात रेंगाळतो.

म्हणजे तुम्ही माशाला डिप देऊन परत त्याच टाकीत सोडता तेव्हा त्याला वाट पाहत असलेल्या पिल्लांमध्ये सोडता. ठिपके तीन दिवसांनी गायब झाले की लोक औषध थांबवतात. ते गायब होत नाहीत, गळून वाळूत गेलेले असतात. आठवड्याने दहापट येतात.

इथे उपचार टाकीचाच करावा लागतो: सगळ्या माशांसह, सलग १० ते १४ दिवस. झाडं आणि नाजूक मासे नसतील तर दर लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, दोन-तीन टप्प्यांत चढवत. हीटरने तापमान हळूहळू २९-३० अंशांवर न्या, म्हणजे फेरा लवकर फिरतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप दुप्पट. रोज वाळू सायफनने ओढून घ्या, निम्मे शत्रू तिथेच असतात. पाणी बदलाल तेवढ्या पाण्याचं मीठ परत घाला. पुण्या-नाशकाकडे डिसेंबरात रात्रीत पाणी चार-पाच अंश उतरलं की हा रोग हमखास डोकं वर काढतो.

आणि औषध सुरू करण्यापूर्वी नीट बघा. गोल्डफिशच्या नराला वयात आल्यावर कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या पंखांच्या कडेवर ओळीने बारीक पांढरे दाणे येतात. तो आजार नाही.

फॉर्मलिन आणि मॅलाकाइट ग्रीन?

घरच्या माणसाने सुटं फॉर्मलिन हाताळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते कर्करोगाला कारण ठरणारं रसायन आहे, वाफ डोळ्यांना झोंबते आणि पाण्यातला प्राणवायू ते कमी करतं. २१ अंशांच्या वर त्याची मात्रा उतरवावी लागते, आणि आपल्याकडे पाणी वर्षातले बहुतेक दिवस त्याच्या वरच असतं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती अजिबात वापरू नका, तो साका जास्त विषारी असतो. परमँगनेटशी फॉर्मलिन कधीही मिसळायचं नाही.

मॅलाकाइट ग्रीन तयार औषधांमध्ये मिसळलेलं असतं. लेबलप्रमाणे वापरा, हातमोजे घाला. खाण्यासाठी पाळलेल्या माशांना, मग ते अंगणातल्या हौदातले चार रोहू-कटला का असेनात, ते देऊ नका.

टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला सांगितलं आहे.

पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतात. बोअरवेलच्या जड पाण्यात, आणि आपल्या पठारावरच्या बऱ्याच बोअरचं पाणी जडच असतं, त्यातलं फारच थोडं माशाच्या कामी येतं. उरतं ते फेसाळ पिवळं पाणी आणि औषधाला सरावलेले जीवाणू. माशांचं जाणणाऱ्या पशुवैद्यांना विचारल्याशिवाय अँटिबायोटिकच्या वाटेला जाऊ नका. खवले अननसासारखे उभे राहिलेला मासा आतून आजारी असतो. त्याला कोणताच बाथ बरा करणार नाही, स्वच्छ पाणी आणि शांत कोपरा एवढं त्याला द्या.

नवे मासे आणलेत. दारातच बाथ देऊन टाकीत सोडू?

दारात बाथ नको आणि टाकीत तर मुळीच नको.

कुर्ल्याच्या बाजारातून किंवा कोलकात्याहून विमानाने आलेल्या पिशवीत काय झालेलं असतं बघा. माशांच्या श्वासाने पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लधर्मी होतं, आणि अशा पाण्यात अमोनिया फारसा विषारी राहत नाही. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पाण्याचा सामू (pH) चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत जहाल होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, मग उघडा, जाळीने किंवा हाताने मासे काढा आणि पिशवीचं पाणी ओतून द्या. दुकान जवळच असेल आणि मासे अर्ध्या तासात घरी आले असतील तर हा धोका कमी असतो.

मासे जातात वेगळ्या टाकीत. ४०-५० लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. वाळू नको. तो स्पंज आधी तीन-चार आठवडे जुन्या टाकीत ठेवलेला असेल तर जीवाणू आयते मिळतात. पहिले दोन दिवस फक्त आराम आणि अंधार. खायला लागले की मग बाथ, तोही अंगावर काही दिसलं तर. माझ्या अनुभवात नव्या माशाला औषधापेक्षा ते दोन अंधारे दिवस जास्त लागू पडतात. एकूण मुक्काम तीन ते चार आठवडे. 'दुकानदार म्हणाला निरोगी आहेत' या वाक्यावर मुक्काम कमी करू नका. तोही बिचारा परवाच आलेला माल विकत असतो.

बाथ पुन्हा किती दिवसांनी?

परजीवीवर अवलंबून आहे. कल्ल्यांवरच्या फ्लूकची, म्हणजे बारीक चपट्या कृमींची, अंडी कुठल्याच बाथने मरत नाहीत, म्हणून अंडी फुटल्यावर, साधारण आठवड्याने, पुन्हा औषध लागतं. फ्लूकवर मीठ अर्धवट काम करतं. प्राझिक्वांटेल हे खरं औषध. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत ते इतर औषधांसोबत असतं, म्हणून ती गोळी कुटून टाकू नका. कडक मिठाचा डिप मी एका माशाला दोन दिवसांआड देते, तीनपेक्षा जास्त नाही. अंगाला काडीसारखा चिकटलेला अँकर वर्म बाथने सुटत नाही. तो चिमट्याने मुळापासून उपटून जखमेला औषध लावावं लागतं.

बाथमध्ये मासा आडवा झाला तर?

लगेच बाहेर. घड्याळाकडे बघू नका. तयारी आधीच हवी: बाथच्या भांड्याशेजारी त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्याचं दुसरं भांडं, त्यात एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा खडा) चालू. माशाला हाताच्या ओंजळीत सरळ धरून बुडबुड्यांजवळ ठेवा. बहुतेक मासे पाच-दहा मिनिटांत सावरतात. बाथच्या आधी एक दिवस खाणं बंद ठेवलं तर त्रास कमी होतो. बाथच्या भांड्यातही एअरस्टोन हवा आणि वर झाकण हवं, कारण पहिल्या मिनिटात उडी मारणारे मासे खूप.

दोन औषधं एकत्र केली तर लवकर गुण येईल?

मीठ आणि मिथिलीन ब्लू एकत्र चालतात. बाकी काहीही स्वतःच्या मनाने मिसळू नका. लांब मुदतीचं औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो.

समुद्री माशांना मिठाचा बाथ कसा देणार?

त्यांना उलटं, गोड्या पाण्याचा. सामू आणि तापमान टाकीशी जुळवलेलं, भरपूर हवा दिलेलं गोडं पाणी, पाच मिनिटांच्या आसपास. कातडीवरचे पारदर्शक फ्लूक पांढरे पडून तळाशी गळताना दिसतात. तळ काळा असलेलं भांडं घेतलं तर मोजताही येतात.

वापरलेलं पाणी कुठे ओतायचं?

मोरीत किंवा संडासात. कुंडीत नाही, विहिरीत-ओढ्यात तर नाहीच. जाळी, सिरिंज आणि भांडं परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात अर्धा तास बुडवा, धुवा आणि कडक उन्हात खडखडीत वाळवा. ओल्या जाळीने आजारी टाकीतून चांगल्या टाकीत हात घातला की रोगही सोबत जातो. मी आजारी टाकीच्या जाळीच्या दांड्याला लाल दोरा बांधला आहे, म्हणजे घरातल्या लहानग्यांनाही कळतं की ती उचलायची नाही.